डब्यांचं खरकटं, गोबर गॅस आणि चार दिवसांआड येणारं पाणी

खरकट्यावर चालणारी गोबर गॅसची टाकी आहे माझ्या घरी, तिच्यात भातानं सगळ्यात जास्त गॅस होतो. त्याच्या खालोखाल कणीक, शिळी चपाती, उकडलेला बटाटा, काळं पडलेलं केळ. मेथीच्या काड्या, कोबीची वरची पानं, दोडक्याच्या शिरा ह्यांनी पण होतो पण उशिरा आणि थोडाच. कांद्याची टरफलं, लिंबाची सालं, अंड्याची कवचं, आंब्याच्या कोयी ह्यांचं नाव काढू नका, ते आत जाऊन नुसतं बसतं. हे पहिल्यांदाच सांगून टाकते कारण माझ्याकडं टाकी बघायला येणारा प्रत्येक माणूस "म्हणजे भाजीची सालं टाकायची ना" असंच विचारतो आणि सालांवर शेगडी पेटेल अशा आशेनं टाकी घेतो, मग सहा महिन्यांनी त्याच टाकीत तुळस लावलेली दिसते.

मी जुळे सोलापूरला राहते, घरातनं डबे देते. कॉलेजची पोरं, बदलीवर आलेले बँकेतले दोघंतिघं, आणि एकटे राहणारे दोन आजोबा. डब्याच्या धंद्यात खरकटं दोन प्रकारचं असतं, एक आपल्या ओट्यावरचं आणि एक परत आलेल्या डब्यातलं. पोरं भाजी संपवतात, भात ठेवतात. रोज. कितीही कमी द्या, भात परत येतोच. भाकरीचं तसं नाही, सोलापुरात भाकरी वाया जात नाही, उरली की वाळवायची, कडक करायची, आमटीत कुस्करायची नाहीतर शेंगाची चटणी आणि तेल घेऊन बसायचं. पण भिजलेला भात आणि आमटीत पडलेली चपाती ह्याचं काय करणार? घंटागाडी येते ती नेमकी डबे भरायच्या वेळेला, हात पिठात, खाली पळत जाऊन बादली द्यायची म्हणजे पातेलं करपतं, आणि चुकली गाडी की ती बादली दुसऱ्या दिवसापर्यंत घरात. मार्चपासून पुढं सोलापूरच्या उन्हात दुपारपर्यंतच त्या बादलीजवळ उभं राहवत नाही, संध्याकाळी झाकण उघडायची हिंमत होत नाही.

आमच्या ह्यांनी कुठंतरी पुण्याच्या आरती संस्थेच्या छोट्या बायोगॅसबद्दल वाचलं होतं. डॉ. आनंद कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे नातू, त्यांच्या संस्थेनं प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या कापून घरगुती संयंत्र केलं आणि त्याला २००६ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यातली मुद्द्याची गोष्ट अशी की गोबर गॅस म्हटलं की आपल्याला शेण आठवतं, पण शेण म्हणजे जनावरानं खाऊन त्यातला दम काढून घेतलेला माल, त्यात उरलंय किती? त्यापेक्षा ज्यात स्टार्च आणि साखर शाबूत आहे ते थेट टाकीत घातलं तर थोड्या मालात आणि लवकर गॅस मिळतो. खादी ग्रामोद्योगवाल्यांची जुनी तरंगत्या ड्रमची मोठी संयंत्रं आमच्या माहेरी बार्शीकडं बघितलेली, त्याला चारपाच जनावरं दारात लागायची. हे ऐकल्यावर मला पटलं, कारण दम असलेला माल माझ्याकडं रोज डब्यातनं परत येत होता.

तसं हे काही कालपरवाचं खूळ नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासनं गॅस काढून वापरल्याची नोंद आहे. आणि आपल्या सोलापुरातच तुळजापूर रोडला महापालिकेच्या कचऱ्यापासनं गॅस आणि गॅसवर वीज करायचा प्रकल्प उभा राहिला, तिथंही तत्त्व हेच, हवा लागू न देता कुजवायचं. फरक एवढाच की तिथं ट्रक रिकामे होतात आणि माझ्याकडं बादली.

आता बसवायचं. एक टाकी १००० लिटरची, तिचं वरचं तोंड कापायचं. दुसरी ७५० लिटरची, ती कापून उलटी आत सोडायची. खालच्या टाकीत काला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण-खरकटं, वरच्यात गॅस, गॅस झाला की वरची टाकी उचलली जाते, वापरला की खाली बसते. एक मोठा पाइप माल आत घालायला, तो तळापर्यंत न्यायचा, एक पाइप वरच्या अंगाला जिथनं जुना काला आपोआप बाहेर पडतो, आणि उलट्या टाकीच्या डोक्यावर गॅसचा व्हॉल्व्ह. झालं. ह्यात बिघडण्यासारखं फार काही नाही हे त्याचं खरं कौतुक.

टाकी गच्चीवर ठेवायची असं ह्यांच्या डोक्यात होतं, ऊन छान म्हणून. पण १००० लिटर म्हणजे एक टन वजन एकाच जागी, आमचा स्लॅब जुना, मी म्हटलं आधी इंजिनिअरला विचारा नाहीतर झोपेत खाली येईल. त्यानं बघून सांगितलं की कॉलमवर असेल तरच, मधे नको. मग मागच्या बोळात हौदाशेजारी जागा केली, तिथं दुपारी तीनपर्यंत ऊन असतं. प्लंबर आणि त्याचा पोरगा आला, टाकी कापताना ती हलायला लागली की तो पोराला ओरडायचा, "नीट धर की बे, हात जाईल माझा," आणि पोरगं टाकीला मिठी मारून बसायचं. बाहेरच्या पाइपाला उतार देऊन सगळ्यात खालच्या जागी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि बुच बसवून घ्या असं मी तुम्हाला ठणकावून सांगते, कारण गॅसबरोबर वाफ येते, पाइपात पाणी साचतं आणि मग शेगडी फडफड करत विझते, लोकांना वाटतं गॅस संपला. बुच काढलं की कपभर पाणी पडतं, शेगडी परत नीट.

सुरुवातीला शेण लागतंच, ते गॅससाठी नाही, विरजण म्हणून. जीव त्यातनं येतात. विजापूर रोडच्या पुढं एक म्हशींचा गोठा आहे, तिथनं ताजं शेण आणलं, गोण्यांत भरून. पहिल्या रिक्षावाल्यानं गोणी बघून गिअर टाकला तो थांबलाच नाही, दुसऱ्यानं खाली पोतं अंथरून घेतलं आणि डबल भाडं घेतलं. गल्लीत गोण्या उतरल्या तशी शेजारची आक्का, त्यांचा यंत्रमागाचा धंदा, घरी तेलुगू बोलतात पण मराठी आमच्यापेक्षा पक्की सोलापुरी, ती कंपाउंडवरनं, "काय करलालाव ओ वैनी, एवढं शेण कशाला आणलाव? घर सारवालाव का काय?" मी म्हटलं गॅस करणार आहे. "शेणाचा? आन त्याच्यावर सैपाक?" असं म्हणून तिनं नाकाला पदर लावला. हीच आक्का पुढं काय करते ते सांगते.

शेणातलं काड गाळून घ्यायचं, पाण्यात कालवायचं, आणि टाकी भरायची. आता सोलापुरात टाकी भरायची म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळणार नाही. नळ चार-पाच दिवसांनी येतो. उजनी धरण भरलेलं असो नाहीतर रिकामं, आमच्या वेळापत्रकात फार फरक पडत नाही. त्यामुळं सातआठशे लिटर पाणी शेणात ओतणं हे दृश्य सासूबाईंना बघवलं नाही, त्या देवघरात जाऊन बसल्या. आम्ही ते पाणी एकदम नाही घातलं, नळ येईल तसं दोन-तीन हप्त्यांत भरलं, आणि कपडे धुतलेलं पाणी घालायचा विचार ह्यांच्या तोंडातनं निघाला तो तिथंच दाबला. साबण आत जाता कामा नये. भांडी घासायची पावडर, लिक्विड, फिनाइल, काहीच नाही. आतले जीव मरतात.

ते जीव कोण, हे समजून घेतल्याशिवाय ही टाकी चालवता येत नाही असं माझं मत आहे. एका प्रकारचे नाहीत. पहिल्या टोळ्या भाताचे, पिठाचे मोठे रेणू फोडून साखर करतात, साखरेचं आम्ल करतात, त्या आम्लांचं पुढं अ‍ॅसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड होतं. आणि शेवटची टोळी, तिला मिथेनोजेन म्हणतात, ती ह्या सगळ्याचा मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, करते. आम्ल करणारे दणादण वाढतात, काहीही सोसतात. मिथेन करणारे हळू वाढतात आणि नाजूक, हवा लागली की मेले, आंबटपणा वाढला की गप्प. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जेवढा खाली तेवढं आंबट), साधारण पावणेसात ते सव्वासातच्या आसपास राहिला तर ते खूश. म्हणजे सगळा खेळ एवढाच की पुढच्यांनी जेवढं आम्ल केलं तेवढं मागच्यांनी संपवलं पाहिजे, आणि आपण मालाचा लोट सोडला की पुढचे पळतात, मागचे तुंबतात.

म्हणून सुरुवातीला काही घालायचं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही भरली होती, आठवड्याभरात ड्रम, म्हणजे वरची उलटी टाकी, हलला, मग एका सकाळी बघते तर तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगून वर आलेला. पोरं नाचायला लागली. पण तो पहिला गॅस पेटवायचा नाही, सोडून द्यायचा, उघड्यावर, आसपास विडी-काडी नको. त्यात हवा मिसळलेली असते आणि हवा अधिक मिथेन म्हणजे स्फोटाची तयारी. दुसऱ्यांदा भरला तोही अर्धवटच जळला, निळी ज्योत यायची आणि उडून जायची. तिसऱ्या वेळेपासनं स्थिर. दिवसा ती ज्योत दिसत नाही हं, इतकी फिकी निळी असते, हात जवळ नेला की कळतं. मग रोज वाटीभर कणीक पाण्यात कालवून, मग दोन वाट्या, असं करत करत दीड-दोन महिन्यांनी पूर्ण बादलीवर आले.

शेगडी वेगळी लागते. घरच्या एलपीजीच्या शेगडीला तोच पाइप जोडून बघणारे बरेच भेटले, पेटत नाही, कारण बायोगॅसमध्ये साठ टक्क्यांच्या आसपासच मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि दाब अगदी कमी. त्यामुळं जेटचं भोक मोठं असलेली बायोगॅसची शेगडी घ्यावी लागते. दाबासाठी ड्रमवर विटा ठेवायच्या, चारी बाजूंनी सारख्या, नाहीतर ड्रम कलतो आणि एका बाजूनं बुडबुडे जाऊन गॅस वाया. आमच्या ड्रमवर विटांच्या जोडीला एक जुना पाटा पण आहे.

सासूबाईंचा विरोध वासासाठी नव्हता. त्यांचं म्हणणं, "गाईच्या तोंडचं काढून टाकीला घालतीस?" आमच्या गल्लीत एक गाय येते, उरलेलं सगळं तिला जायचं, चपात्या, भात, जे असेल ते. मला ह्यावर उत्तर नव्हतं, खरंच नव्हतं, कारण त्यात पाप-पुण्याचा हिशोब होता. ते उत्तर गुरांच्या डॉक्टरकडनं आलं. गोठ्यावर शेण आणायला गेले तेव्हा ते तिथं एका म्हशीवर उपचार करत होते, लग्नातला भात आणि पुरी कुणीतरी भरपूर घातली होती, पोट फुगून जनावर आडवं. ते म्हणाले शिजलेला भात, चपाती जास्त झाली की पोटात आम्ल होतं, मुठीएवढं ठीक, बादलीभर म्हणजे विष. मी घरी येऊन सांगितलं. तेव्हापासनं ठरलं, पहिली ताजी भाकरी गाईची, ती सासूबाई स्वतःच्या हातानं देतात, आणि शिळापाक्याची बादली टाकीची. आता त्याच मला रागावतात, "आज टाकीला काय घातलं नाहीस गं?"

म्हशीचं जे झालं तेच पुढं टाकीचं झालं, म्हणून ते डोक्यात राहिलं. गल्लीत एका घरी वास्तुशांत होती. कार्यक्रम झाल्यावर उरलेला जिलेबीचा पाक, मसालेभात आणि श्रीखंडाची भांडी विसळलेलं पाणी, वहिनींच्या टाकीला चालतं की, म्हणून त्यांच्या पोरांनी प्रेमानं सगळंच्या सगळं आमच्या पाइपातनं आत ओतलं. आम्ही तेव्हा संक्रांतीच्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या यात्रेत. आलो तर ड्रम इतका वर की विटा एका बाजूला घसरलेल्या. ह्यांना आनंद, म्हणाले उद्या पुरणपोळ्या ह्याच्यावर. काडी लावली, फुस्स. परत लावली, काडीच विझली. गॅस होता भरपूर पण सगळा कार्बन डायऑक्साइड, जळणार काय? बाहेरच्या पाइपातनं पडणारा काला एरवी काळसर आणि जवळपास बिनवासाचा असतो, तो पिवळट फेसाचा आणि वास नाकात चढणारा, आंबूस, लोणच्यात व्हिनेगर घालतात तो. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातनं पीएचच्या पट्ट्या आणल्या होत्या, बुडवली, रंग पाचाच्या घरात. थंडीचे दिवस, त्यात मिथेनवाले आधीच आळसावलेले.

ह्यावर उपाय आहे पण घाई चालत नाही. पहिलं म्हणजे घालणं पूर्ण बंद, काही म्हणजे काहीच नाही. दुसरं, खायचा सोडा पाण्यात विरघळून थोडा थोडा, रोज पट्टी बुडवून बघत. लोक चुना सांगतात, तोही चालतो पण चुन्याचा हात चुकला की पीएच एकदम वर उडतो, मला सोडा बरा वाटला. तिसरं, गोठ्यावरनं परत ताजं शेण, पातळ करून, म्हणजे नवी कुमक. ड्रममधला तो निकामी गॅस सोडून द्यायचा. मग वाट बघायची. पहिले काही दिवस काहीच होत नाही आणि माणूस टाकी विकायच्या जाहिराती बघायला लागतो. दोन-अडीच आठवड्यांनी ज्योत टिकायला लागली, मग परत वाटीभर कणकेपासनं सुरुवात. त्यानंतर पाइपाच्या तोंडाला कुलूप लावायची कडी बसवली. पोरांना रागवायला नाही हं, त्यांचा हेतू चांगलाच होता, पण प्रसादही मोजूनच.

आता हिशोब, कारण विकणारे जे सांगतात ते ऐकून डोळे फिरतात. माझ्याकडं रोज चार-पाच किलो ओलं खरकटं निघतं, त्यात भात-चपाती जास्त. त्याचा साधारण अर्धा घनमीटर गॅस होतो, उन्हाळ्यात जरा वर. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम एलपीजी. महिन्याचे झाले पंधरा घनमीटर, म्हणजे साडेसहा-पावणेसात किलो. डब्यांसाठी मला १९ किलोचं कमर्शियल सिलिंडर लागतं, त्याचा हा तिसरा हिस्सा. वाईट नाही, पण "सिलिंडर कायमचं बंद" असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून घालवा. आणि चार माणसांचं साधं घर, ज्यात अर्धा-पाऊण किलो ओला कचरा निघतो आणि त्यातही सालंच जास्त, तिथं सकाळचा चहा आणि कधीतरी दूध, एवढंच. तेवढ्यासाठी टाकी घ्यायची तर कचऱ्यासाठी घ्या, गॅससाठी नको.

रोजचा गॅस मी डाळ शिजवायला, शेंगा भाजायला आणि दुपारी पाणी तापवायला वापरते, तास-सव्वातास चालतो. भाकरीला जाळ पुरत नाही, तवा पाहिजे तसा तापत नाही, भाकरी चामट होते, त्यामुळं भाकऱ्या सिलिंडरवरच. कुणी म्हणेल आमच्याकडं होते, त्यांच्या भाकरीला माझा नमस्कार.

आता पाण्याचं सांगते. पुस्तकी सूत्र असं की जेवढा माल तेवढं पाणी. रोज पाच लिटर चांगलं पाणी टाकीला, आणि आम्ही पाचव्या दिवसाच्या नळाकडं डोळे लावून बसलेलो, हे चालणारच नव्हतं. मग काय काय केलं, तांदूळ धुतलेलं पाणी, त्यात पिठूळ असतं ते उलट चांगलंच, डाळीचं, पिठाची परात विसळलेलं, आणि परत आलेले डबे साबण लावायच्या आधी एकदा नुसत्या पाण्यानं विसळून घ्यायचे ते पाणी. ते सगळं एका वेगळ्या बादलीत. तरी कमी पडलं की टाकीतनं बाहेर आलेलाच पातळ काला परत कालवायला. पण हे सारखं करायचं नाही, निम्म्यापर्यंत ठीक, कारण तोच तोच काला फिरत राहिला की त्यात मीठ आणि अमोनिया साठत जातो आणि तोही त्या नाजूक मंडळींना सोसत नाही. डब्यातल्या लोणच्याचं मीठ पण ह्याच कारणासाठी मी चमच्यानं काढून टाकते. सांगायचं तात्पर्य, नळाचं ताजं पाणी आता टाकीला जवळपास जातच नाही, आणि डबे घासायला साबण पण कमी लागतो, हा फायदा कुणी सांगितला नव्हता.

माल बारीक करून घालायचा. मी आधी मिक्सरमधनं काढायचे, मग कंटाळा आला, आता बादलीत हातानं कुस्करते आणि देठंबिठं विळीवर चिरते. रोज बारा-तेरा लिटर आत जातं, म्हणजे आज घातलेला भात दोन-अडीच महिने आतच फिरतो, तेवढ्यात होतं त्याचं जे व्हायचं ते.

जेवढं आत घालाल तेवढंच बाहेर येतं, हे लोक विसरतात. रोज बारा लिटर काळं पाणी. त्याचं ठिकाण आधी ठरवा. आमच्या बोळात शेवगा, कढीपत्ता, लिंबू आहेत, त्यांना तीन-चारपट पाणी घालून देते. तसंच दाट घातलं तर पानांच्या कडा करपतात, अमोनियाच्या रूपातलं नत्र त्यात भरपूर असतं. कढीपत्त्याला तर इतकी पानं आली की डब्यात फोडणीला घालून संपत नाहीत. उरलेलं कॅनमध्ये भरून ठेवते, मोहोळकडचा एक दूरचा दीर डाळिंबाला नेतो, येताना कधी डाळिंबं आणतो, कधी नुसते रिकामे कॅन. बाहेरच्या बादलीला बारीक जाळीचं झाकण पाहिजेच, नाहीतर डासांची शाळा भरते आणि मग डेंग्यूवाले तपासायला आले की तुमचं भाषण कोण ऐकणार.

वासाचं खरं खरं सांगते. टाकी ठणठणीत असेल तर वास नसल्यातच जमा. बोळात उभं राहिलं तर शेणमातीचा वाटतो. पण शेगडी पेटवायच्या आधी व्हॉल्व्ह उघडला आणि जरा उशिरा काडी लावली तर सडक्या अंड्याचा भपका येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. चणे, राजमा, अंडी असलं प्रथिनाचं जास्त गेलं की जास्त. तो वास आला की गळतीसुद्धा कळते हा त्याचा उपयोग, पण तो धातू खातो. माझ्या शेगडीचा पितळी नॉब पहिल्याच वर्षी काळाठिक्कर पडला, चिंचेनं घासला, आठ दिवसांत परत तसाच. मग पाइपात मध्ये एका जाड नळीत भांडी घासायची स्टीलची नाही, लोखंडाची साधी घासणी, जी गंजते ती, कोंबून बसवली. गंधक लोखंडाला चिकटतो, घासणी काळी होऊन चुरा होते, बदलायची. फुकटच्या भावात काम होतं. स्टेनलेसची घातली तर काही होत नाही, दुकानदार तीच देतो, मागून घ्या.

थंडीत गॅस घटतो हे खरं. संक्रांतीच्या सुमारास रात्री गार पडतं, टाकी गार झाली की मिथेनवाले मंदावतात, त्यांना पस्तीसच्या आसपास आवडतं. तेव्हा मालही कमी करायचा, नाहीतर परत आंबट. पहिल्या थंडीत ह्यांनी घरातल्या जुन्या सोलापुरी चादरी टाकीला गुंडाळल्या आणि वरनं काळं प्लास्टिक. आक्का बघून म्हणाली, "आमी माग चालवून चादरी विणलालाव, तुमी टाकीला पांघरून घाललालाव." चादरीनं थोडा फरक पडतो, काळ्या प्लास्टिकनं जास्त, कोमट पाण्यात माल कालवला तर त्याहून जास्त. एप्रिल-मे मात्र आपला. पारा चाळिसाच्या वर, माणसं हैराण, टाकी जोरात. सोलापूरच्या उन्हाचा कुणाला तरी उपयोग होतो हे बघून बरं वाटतं.

आक्कानं मागच्या पावसाळ्यानंतर स्वतःची बसवली. तिच्याकडं कामगारांचा दुपारचा स्वयंपाक असतो, भात आमच्या दुप्पट उरतो. विरजणाला शेण नको म्हणाली, आणि ते बरोबर पण होतं, माझ्या टाकीतला चालू काला दहा-बारा बादल्या नेला, त्यात जीव आधीच भातावर वाढलेले, त्यामुळं तिची टाकी आमच्यापेक्षा कितीतरी लवकर पेटली. तुमच्या जवळपास कुणाची चालू टाकी असेल तर शेणाच्या मागं न लागता तिथनंच कॅन भरून आणा, फक्त तो काला आंबट नाही ना हे पट्टी लावून बघा.

फ्लॅटवाले विचारतात बाल्कनीत चालेल का. नाही. ऊन नाही, वजन जास्त, काला टाकायला जागा नाही, आणि गॅसच्या टाकीभोवती हवा मोकळी खेळली पाहिजे. सोसायटीनं मिळून खाली मोकळ्यात बसवायची असेल तर बसवा, पण आधी रोज बादली कुस्करून घालणारा माणूस ठरवा, पगार देऊन, आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी कोण हेही. दोन-चार दिवस उपाशी राहिली तर टाकीला काही होत नाही, गावाला जाताना आम्ही तशीच सोडून जातो. आणि शेगडीचा रबरी पाइप दर उन्हाळ्यानंतर वाकवून बघा, आपल्याकडच्या उन्हानं तो तडकतो, चीर दिसली की लगेच बदला.